एकोणीस वेळा एक

१ हा अंक सलग एकोणीस वेळा लिहिला असता ११,११,११,११,११,११,११,११,१११ ही संख्या मिळते. तिला १ व ती स्वतः यांवाचून अन्य विभाजक नाही. म्हणजेच ती मूळसंख्या आहे.

अशा संख्यांच्या वर्गांचा अभ्यास देवळालीचे शिक्षक दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी केला. ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१, ११११ चा १२३४३२१. या वर्गांना त्यांनी ‘डेम्लो संख्या’ असे नाव दिले. कापरेकरांना १९२७ मध्ये ज्यांच्या नावाचे गणित पारितोषिक लाभले, ते रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हे रत्नागिरी जिल्ह्यातील मुर्डी गावचे सुपुत्र होत.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. एककांची ही माळ मूळसंख्या केव्हा ठरते? माळेतील अंकांची संख्या संयुक्त असेल, तर माळही विभागली जाते. उदाहरणार्थ, सहा एककांची १११११११ नव्हे, तर ११११११ ही माळ ११ × १०१०१ अशी फुटते. मात्र अंकांची संख्या मूळ असली म्हणजे पुरे, असे नव्हे. पाच एकक म्हणजे ४१ × २७१ आणि सात एकक म्हणजे २३९ × ४६४९. अट आवश्यक आहे, पण पुरेशी नाही.

एकोणीस एककांची खात्री करण्यासाठी सुमारे १०५ कोटींपर्यंतच्या मूळसंख्यांनी भागून पाहावे लागेल. १०० कोटींच्या आतच अशा ५,०८,४७,५३४ संख्या आहेत. मिनिटास एक भागाकार अहोरात्र केला, तरी ९६ वर्षे लागतील! येथे सिद्धान्त साहाय्यास येतो. या संख्येला मूळ विभाजक असलाच, तर त्याला ३८ ने भागल्यावर बाकी १ च उरली पाहिजे. त्यामुळे श्रम सुमारे अठरा पटींनी घटतात. ही संख्या मूळ असल्याचे संगणकयुगापूर्वीच सिद्ध झाले, ते अशा विचाराच्या बळावर.

शेकडो अंकी दोन मूळसंख्यांचा गुणाकार सोपा, पण त्यावरून त्या संख्या शोधणे अतिशय दुष्कर. संगणकावरील अनेक व्यवहारांची गुप्तता या दुष्करतेवर विसंबून आहे.

सावर्डे येथील शाळा असो वा दुर्गम वाडीवरची, सात एककांचे अवयव शोधण्यास फळा आणि खडू पुरतात. ‘आवश्यक’ आणि ‘पुरेसे’ यांतील भेद विद्यार्थ्यांस तेथेच उमगेल. आणि हा भेद गणिताबाहेरही, निर्णय घेणाऱ्या प्रत्येकास, उपयोगी पडणारा आहे.