दोन एकर, एक नोकरी, आणि घरातलं कोण?

मागच्या भागात माजरीची शेतं कोळशाखाली कशी गेली ते पाहिलं. त्या शेतांच्या बदल्यात आलेली नोकरी घरातल्या कोणाच्या वाट्याला जाते, ते आता बघू.

वेस्टर्न कोलफिल्ड्स, म्हणजे आपल्या वर्तमानपत्रांतली वेकोलि, ही कोल इंडियाची नागपूरची उपकंपनी. भद्रावती तालुक्यातल्या माजरी क्षेत्राचा कारभार कुचन्याहून चालतो. कंपनी सरकारी, म्हणून अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग, दिव्यांग यांच्यासाठी आरक्षण आहेच. तरी सगळ्या कोल इंडियात बायकांचं प्रमाण दहा टक्क्यांच्या आत. कारण विचारलं की उत्तर ठरलेलं, खाणीचं काम बायकांचं नव्हे. इतिहास मात्र वेगळं सांगतो. झरिया-राणीगंजच्या खाणींत पूर्वी नवरा कोळसा तोडायचा आणि बायको टोपलीनं वाहायची, दोघंही जमिनीखाली. १९२९च्या नियमांनी बायकांना टप्प्याटप्प्यानं वर काढलं. महायुद्धात कोळसा कमी पडू लागला, तेव्हा १९४३मध्ये त्याच बायका पुन्हा खाली चालल्या. १९४६मध्ये परत बंदी. १९५२च्या खाण कायद्यातल्या कलम ४६नं ती पक्की केली आणि उघड्या खाणीतही त्यांना सकाळी सहा ते संध्याकाळी सातपर्यंतच मुभा ठेवली.

कायद्याचं झालं. पण माजरीसारख्या गावात अर्ज कंपनीच्या दारात पोचण्याआधीच निम्मा निकाल घरी लागलेला असतो. जमीन गेलेल्यांना कोल इंडियाच्या पुनर्वसन धोरणानुसार दोन एकरांमागे एक नोकरी. ज्यांची जमीन त्याहून कमी, ते दोघं-तिघं मिळून दोन एकर भरतात आणि एकाचं नाव देतात. ते नाव कोणाचं द्यायचं हे कुटुंब ठरवतं, आणि कुटुंब म्हणजे बहुतेक वेळा ओसरीवर बसलेले पुरुष. महाराष्ट्रानं १९९४मध्येच मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क दिला, देशाच्या अकरा वर्षं आधी. पण सातबाऱ्यावर नाव लागलं तरी हक्कसोडपत्र आहेच की! बहिणीची सही घ्यायची, साडीचोळी द्यायची, नोकरी भावाला. कंपनीच्या लेखी सगळं नियमात. जे नाव पुढे आलं त्याला तिनं नोकरी दिली. भेदभाव केलाच कुठे?

दुसरं दार अनुकंपेचं. कामगार नोकरीत असताना वारला, तर वेतन कराराप्रमाणे वारसाला नोकरी. बायकोचं वय पंचेचाळीसच्या आत असेल तर तिनं नोकरी घ्यावी किंवा महिन्याची ठरावीक रक्कम. त्यापुढे करार असं म्हणतो की, नोकरी दिलेली नसेल आणि मुलगा बारा वर्षांचा असेल तर त्याचं नाव यादीवर ठेवायचं, अठराचा झाला की त्याला कामावर घ्यायचं आणि तोवर आईला रक्कम द्यायची. सहा वर्षं नोकरी मुलाची वाट बघत थांबते. अशी सोय मुलीसाठी लिहिलेली नव्हती. लग्न झालेली लेक तर वारसांच्या यादीतच नव्हती. छत्तीसगड उच्च न्यायालयानं २०१६मध्ये एका प्रकरणात हे वगळणं घटनेविरुद्ध ठरवलं.

त्याहून मला खटकते ती २०१४ची योजना. नोकरीतल्या बाईनं स्वेच्छानिवृत्ती घ्यायची आणि तिच्या जागी मुलाला घ्यायचं. आईच्या मायेला इतका सरळ हिशेबात बसवणारा कागद दुसरा क्वचितच असेल. मुलगा बेकार बसलेला, घरात रोज तोच विषय. अशा वेळी तिच्या ‘स्वेच्छे’ला कितीसा वाव उरतो? एकेका सहीसरशी कंपनीच्या हजेरीपटावरची एकेक बाई कमी होत गेली आणि पुढे कोणीतरी अहवालात लिहितं, महिला पुढे येत नाहीत.

इतकं पार करून जी आत येते, तिची भरती सहसा कॅटेगरी वन, म्हणजे जनरल मजूर. मग ऑफिसात फाइल पोचवणं, दिवे देणं, झाडलोट. डंपर किंवा शॉव्हेलचा ऑपरेटर व्हायचं तर प्रशिक्षण हवं आणि तिन्ही पाळ्या कराव्या लागतात. सरकारनं २०१९मध्ये अधिसूचना काढून वाट मोकळी केली: उघड्या खाणीत रात्रपाळी, आणि जमिनीखाली दिवसा तांत्रिक व देखरेखीची कामं. २०२१मध्ये झारखंडात सेंट्रल कोलफिल्ड्सच्या चुरी खाणीत आकांक्षा कुमारी ही खाण अभियंता जमिनीखालच्या कामावर रुजू झाली, तेव्हा देशभर बातमी झाली. नोव्हेंबर २०२५पासून लागू झालेल्या कामगार संहितेतही संमती असल्यास रात्रीच्या कामाला मुभा आहे.

मात्र २०१९च्या अधिसूचनेत एक अट होती, लेखी संमतीबरोबर एका पाळीत किमान तीन बायका. अट सुरक्षिततेसाठी, तीही रास्तच. पण ज्या खाणीत ऑपरेटर व्हायला एकच बाई तयार आहे, तिथं तिची संमती काय कामाची? म्हणजे एकीला प्रशिक्षण देऊन फोटो काढण्यात अर्थ नाही. एकाच खाणीत, एकाच वेळी पाच-सहाजणींना मशीनवर बसवावं लागेल, आणि खाणीच्या काठावर स्वच्छतागृह व रात्री घरापर्यंत गाडी त्याआधी लागेल. हे सगळं कंपनीच्या हातातलं आहे, त्यासाठी कोणाच्या ओसरीवर जावं लागत नाही.

कोळशावरची माती काढायचं काम आता मोठ्या प्रमाणावर खाजगी ठेकेदारांकडे गेलंय. तिथं वेतन करारही नाही आणि आरक्षणही नाही. त्या ठेकेदारीबद्दल पुढच्या आठवड्यात.