विश्लेषण : कार्यालयातील संगणकांची दूरस्थ चावी कोणाच्या हाती द्यावी?

मुलुंडच्या कार्यालयातील प्रिंटर अडला, एएमसीवाला तंत्रज्ञ बोरिवलीत आहे आणि आज महिन्याची २० तारीख, म्हणजे जीएसटीआर-३बी भरण्याची मुदत. अशा वेळी फोनवरून एकच सूचना येते, ‘ॲप उघडा आणि नंबर सांगा.’ पाच मिनिटांत काम होते. मात्र त्या पाच मिनिटांत संपूर्ण संगणक दुसऱ्याच्या हाती गेलेला असतो. त्यामुळे असे सॉफ्टवेअर निवडताना किमतीइतकाच विश्वासाचाही विचार करावा लागतो.

उपनगरांत याची गरज अधिक का?

अंधेरीतील सीप्झ आणि मरोळ एमआयडीसीतील मोठ्या कंपन्यांकडे स्वतःचा आयटी विभाग असतो. घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीतील करसल्लागार, दवाखाने, क्लासेस, छोटे व्यापारी यांच्याकडे तो नसतो. १० ते ४० संगणकांची देखभाल वार्षिक करारावर बाहेरच्या तंत्रज्ञाकडे दिलेली असते आणि तो एकाच वेळी अनेक कार्यालये सांभाळतो. बोरिवलीहून मुलुंडला यायचे तर पश्चिम रेल्वेने दादर गाठून मध्य रेल्वेची गाडी पकडावी लागते, किंवा अंधेरीला उतरून मेट्रोने घाटकोपर आणि तिथून पुन्हा लोकल. पाच मिनिटांच्या कामासाठी अर्धा दिवस जातो. मार्च २०२० च्या टाळेबंदीत प्रवासच थांबला आणि ही सॉफ्टवेअर छोट्या कार्यालयांच्याही सवयीची झाली.

हे सॉफ्टवेअर काम कसे करते?

दोन्ही संगणकांवरील प्रोग्राम कंपनीच्या सर्व्हरशी जोडले जातात. प्रत्येक संगणकाला ओळख क्रमांक मिळतो. तो आणि पासवर्ड जुळला, की एका पडद्याचे चित्र दुसरीकडे दिसते आणि तिथल्या माऊस-कीबोर्डची हालचाल इकडे पोहोचते. यात दोन प्रकार आहेत. पहिल्यात संगणकासमोर बसलेली व्यक्ती प्रत्येक वेळी परवानगी देते. दुसऱ्यात कायमचा पासवर्ड ठरवलेला असतो, त्यामुळे कार्यालय रिकामे असतानाही तंत्रज्ञ आत जाऊ शकतो. दुसरा प्रकार सोयीचा असला तरी जोखीम त्यातच अधिक. शिवाय त्यासाठी संगणक चालू असावा लागतो. रात्री कुलूप लावताना मेन स्विच बंद करण्याची पद्धत असलेल्या कार्यालयाने या सोयीचे पैसे मोजण्यात अर्थ नाही.

मोफत आवृत्ती का पुरत नाही?

टीमव्ह्यूअर आणि एनीडेस्क या दोन्ही जर्मन कंपन्यांची मोफत आवृत्ती वैयक्तिक वापरासाठी आहे. कार्यालयीन वापराचा संशय आला की टीमव्ह्यूअर तसा संदेश दाखवून जोडणी तोडते आणि हे नेमके घाईच्या वेळी घडू शकते. दुसरी उणीव नोंदींची. कोण, केव्हा, किती वेळ आत होते याची मध्यवर्ती नोंद मोफत वापरात सहसा मिळत नाही. क्रोम रिमोट डेस्कटॉप मोफत आहे, पण तो व्यक्तीच्या गुगल खात्याशी बांधलेला असतो. ती व्यक्ती नोकरी सोडून गेली तर चावीही तिच्यासोबत जाते. विंडोजमधील क्विक असिस्ट अधूनमधून मदत घेण्यास ठीक आहे, परंतु समोर कोणी बसलेले नसेल तर त्याचा उपयोग नाही.

विंडोजची स्वतःची सोय पुरेशी नाही का?

विंडोजच्या प्रो आवृत्तीत रिमोट डेस्कटॉप असते. होम आवृत्तीच्या संगणकात मात्र त्याद्वारे बाहेरून शिरता येत नाही. ही सोय घरून काम करण्यासाठी उत्तम आहे, मदत करण्यासाठी नव्हे. तंत्रज्ञ आत शिरला की कार्यालयातील पडदा कुलूपबंद होतो आणि तो काय करतो आहे हे कर्मचाऱ्याला दिसत नाही. त्या संगणकाला लावलेला डिजिटल स्वाक्षरीचा डोंगलही अशा जोडणीत सहसा दिसत नाही, त्यामुळे करसल्लागाराचे काम अडते. सर्वात मोठी चूक म्हणजे राऊटरमध्ये ३३८९ हा पोर्ट थेट इंटरनेटवर उघडा ठेवणे. असे पोर्ट शोधून पासवर्ड आजमावणारे प्रोग्राम जगभर अहोरात्र चालू असतात.

मग पर्याय कोणते?

टीमव्ह्यूअर आणि एनीडेस्कच्या सशुल्क आवृत्त्या, चेन्नईच्या झोहो कंपनीचे झोहो असिस्ट आणि मुक्त स्रोत असलेले रस्टडेस्क हे प्रमुख पर्याय. रस्टडेस्कचा सर्व्हर स्वतःकडे ठेवता येतो. त्यामुळे जोडणी परक्या कंपनीच्या सर्व्हरवर अवलंबून राहत नाही, पण तो सर्व्हर अद्ययावत ठेवण्याची जबाबदारी आपल्यावर येते. ते सांभाळणारा माणूस नसेल तर या वाटेला जाऊ नये.

दर पाहताना आकारणी कशावर आहे ते आधी विचारावे. ती तंत्रज्ञांच्या संख्येवर, संगणकांच्या संख्येवर किंवा एकाच वेळी चालणाऱ्या जोडण्यांवर असू शकते. एक तंत्रज्ञ ४० संगणक पाहत असेल तर तंत्रज्ञावर आधारित परवाना बहुधा स्वस्त पडतो. १२ कर्मचारी घरून आपापल्या संगणकात शिरणार असतील तर हिशेब उलटा होतो. झोहो असिस्टमध्ये तर परवानगी घेऊन करायची मदत आणि कायमचा प्रवेश यांच्या योजनाच वेगळ्या आहेत.

नामांकित कंपनी म्हणजे सुरक्षित का?

तसे गृहीत धरता येत नाही. आपल्या यंत्रणेत घुसखोरी झाल्याचे एनीडेस्कने फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर केले आणि ग्राहकांना पासवर्ड बदलण्यास सांगितले. त्याच वर्षी जूनमध्ये टीमव्ह्यूअरच्या अंतर्गत जाळ्यात शिरकाव झाला. ग्राहकांच्या जोडण्यांपर्यंत तो पोहोचला नाही, असे कंपनीने स्पष्ट केले. अमेरिकेतील कसेया कंपनीचे प्रकरण अधिक बोलके आहे. जुलै २०२१ मध्ये तिच्या संगणक-व्यवस्थापन सॉफ्टवेअरमधील त्रुटी वापरून खंडणीखोरांनी सुमारे १,५०० व्यवसायांपर्यंत मजल मारली. स्वीडनमधील ‘कूप’ या किराणा साखळीला बहुतेक दुकाने बंद ठेवावी लागली. कूप ही कसेयाची थेट ग्राहकही नव्हती. सॉफ्टवेअर तिच्या पुरवठादाराकडे होते. मुलुंडच्या कार्यालयाची स्थिती याहून वेगळी नाही. सॉफ्टवेअर तंत्रज्ञाचे असते, संगणक मात्र कार्यालयाचे असतात. तंत्रज्ञाचा एक पासवर्ड फुटला तर त्याची सगळी कार्यालये एकदम उघडी पडतात.

फसवणूक कशी होते?

फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना एनीडेस्कच्या गैरवापराबाबत सावध केले होते. भामटा ॲप घ्यायला लावतो, त्यावर दिसणारा नऊ आकडी क्रमांक विचारतो, परवानगी देण्यास सांगतो आणि खात्यातून पैसे वळवतो. दोष ॲपचा नसतो. दार आतूनच उघडले जाते. कार्यालयात हे अधिक सहज घडते, कारण ‘कॉम्प्युटरवाल्याचा फोन आहे’ म्हटले की नवा कर्मचारी नंबर सांगून मोकळा होतो. म्हणून एक साधा नियम करावा. फोन आला तर नंबर द्यायचा नाही. आपण तंत्रज्ञाच्या ठाऊक असलेल्या क्रमांकावर उलट फोन करायचा आणि मगच क्रमांक सांगायचा.

कायदा काय सांगतो?

‘सर्ट-इन’ या केंद्रीय यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार संगणकांतील अनधिकृत प्रवेशासारख्या घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवाव्या लागतात आणि यंत्रणेच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ नुसार माहितीच्या सुरक्षेत हलगर्जी झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. देखभाल बाहेरच्याकडे दिली तरी ग्राहकांच्या किंवा रुग्णांच्या माहितीची जबाबदारी कार्यालयाचीच राहते.

निवडताना काय तपासावे?

पहिले, प्रत्येक तंत्रज्ञाचे खाते वेगळे आहे का आणि त्याला पासवर्डशिवाय दुसरी पडताळणी आहे का. दुसरे, प्रत्येक जोडणीची नोंद कार्यालयाच्या मालकाला स्वतः पाहता येते का. तिसरे, कायमचा प्रवेश मोजक्याच संगणकांपुरता ठेवता येतो का. बँक व्यवहारांचा आणि डिजिटल स्वाक्षरीचा संगणक त्यातून वगळावा. चौथे, फाइल पाठवणे आणि पडदा काळा करणे या सोयी बंद ठेवता येतात का. पाचवे, कमी वेगाच्या इंटरनेटवर ते चालते का. यासाठी कार्यालयातील सर्वात जुन्या संगणकावर चाचणी घ्यावी. सहावे, परवाना कोणाच्या नावावर आहे. तो शक्यतो कार्यालयाच्या नावावर असावा, म्हणजे तंत्रज्ञ बदलला तरी त्याचे खाते त्याच दिवशी बंद करता येते. जुन्या तंत्रज्ञाने टाकलेले प्रोग्रामही तेव्हाच काढून टाकावेत.

संशय आल्यास काय करावे?

माऊस आपोआप हलू लागला किंवा अनोळखी जोडणी दिसली, तर प्रथम इंटरनेटची वायर काढावी किंवा वायफाय बंद करावे. त्यानंतर बँकेला कळवावे आणि पैसे गेले असल्यास १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर तातडीने तक्रार नोंदवावी. पासवर्ड दुसऱ्या, सुरक्षित संगणकावरून बदलावेत. बाधित संगणक लगेच फॉरमॅट करू नये, कारण कोण आत आले होते याचा पुरावा त्यातच असतो.