भाषिक आकडेवारी आणि दशांशांची आसन्न किंमत

भाषेच्या अभ्यासकाला गणिताशी काय कर्तव्य, असे तुम्हांला वाटेल. परंतु सर्वेक्षणाचा प्रकल्प-अहवाल टक्केवारीवाचून पुरा होत नाही, आणि टक्केवारी आली की दशांश चिन्हापुढील अंक कोठे तोडावेत हा प्रश्न येतोच.

नियम साधा आहे. ज्या स्थळापर्यंत किंमत हवी, त्याच्या लगत उजवीकडील अंक पाहावा. तो ५ किंवा अधिक असल्यास राखावयाचा अंक एकाने वाढवावा, कमी असल्यास तसाच ठेवावा; पुढील अंक गाळावेत. २०११ च्या जनगणनेत देशाच्या १,२१,०८,५४,९७७ लोकसंख्येपैकी ८,३०,२६,६८० जणांची मातृभाषा मराठी होती. हे प्रमाण ६.८५६८… टक्के, म्हणजे दोन स्थळांपर्यंत ६.८६ होते.

आता किती स्थळे ठेवावीत? २००१ मध्ये तेलुगू ७.१९ व मराठी ६.९९ टक्के होती. २०११ मध्ये तेलुगू ६.७० व मराठी ६.८६. दहा वर्षांत तिसऱ्या आणि चौथ्या क्रमांकांची अदलाबदल झाली. मात्र पूर्णांकात लिहिल्यास चारही आकडे ७ होतात आणि ही घडामोड नाहीशी होते! बिलोली-देगलूर पट्ट्यातील मराठी-तेलुगू संपर्काचा अभ्यास करणाऱ्याला हे परवडणारे नाही. एका स्थळापर्यंत ६.९९ चे ७.० होते, ते शून्य गाळू नये, कारण मोजणी कोठपर्यंत केली हे तेच सांगते.

टप्प्याटप्प्याने आसन्न किंमत काढणे ही नेहमीची चूक. २००१ मधील गुजरातीचे ४.४८ टक्के आधी ४.५ आणि मग ५ केले जातात. थेट पाहिल्यास ४ हेच उत्तर योग्य. म्हणून दर वेळी मूळ संख्येकडेच जावे. (‘चार पॉइंट अठ्ठेचाळीस’ हे आपले बोलणेही फसवे आहे. त्यामुळे ४.४८ ही संख्या ४.५ पेक्षा मोठी वाटते.)

उलट, तुमच्या गावातील चाळीसच निवेदक असतील तर एक व्यक्ती म्हणजे २.५ टक्के, तेथे दोन दशांश स्थळे मिरवण्यात अर्थ नाही. त्यांपैकी १३ जण घरी तेलुगू व २७ जण मराठी बोलत असतील, तर ३२.५ चे ३३ आणि ६७.५ चे ६८ होऊन बेरीज १०१ भरते. अशा वेळी एखादा आकडा दडपून शंभर जुळवू नयेत. मूळ संख्या शेजारी द्याव्यात आणि आसन्न किमतींमुळे बेरजेत फरक पडल्याची तळटीप लिहावी.