थंड समुद्रात उकळणारे पाणी

सुई नसलेली सिरिंज घ्या. घरच्या मोठ्या माणसांच्या देखत तिच्यात थोडे गरम पाणी ओढा, आतली हवा काढून टाका, टोक बोटाने घट्ट दाबून धरा आणि दट्ट्या जोराने मागे खेचा. पाणी उकळू लागेल! दाब घटला की उत्कलनबिंदूही खाली येतो. दाब वातावरणाच्या सुमारे चाळिसाव्या हिश्शावर आणला, तर २०° सें. तापमानाचे पाणीसुद्धा उकळते.

जहाजाच्या पंख्यापाशी, म्हणजे प्रोपेलरपाशी, हेच घडते. ६ मीटर व्यासाचा पंखा मिनिटाला १२० फेरे घेत असेल, तर पात्याच्या टोकाचा वेग सेकंदाला जवळजवळ ३८ मीटर भरतो. (गणित करून पाहाच.) पात्याच्या एका अंगाला दाब इतका उतरतो, की बुडबुडे उठतात. हे बुडबुडे वाफेचे, हवेचे नव्हेत. माझे महाविद्यालयातील विद्यार्थीही येथे हमखास गोंधळतात! पुढे दाब वाढताच ते फटाफट मिटतात, आणि मोठा आवाज होतो तो या मिटण्याचा.

जहाजामागचे पाणी रेंगाळत असते. वर आलेले पाते त्या मंद पाण्यात शिरते; तेथे खोलीही कमी. म्हणून बुडबुडे वरच्या बाजूलाच उसळतात. चार पाती, सेकंदाला दोन फेरे, म्हणजे सेकंदाला आठ ठोके! त्यातून ८, १६, २४ हर्ट्झचे खर्ज स्वर निघतात आणि समुद्रात दूरवर जातात. मोठे देवमासे अशाच खर्जात एकमेकांना साद घालतात. सप्टेंबर २००१ मध्ये अमेरिकेवरील हल्ल्यानंतर कॅनडाच्या फंडी उपसागरातील जहाजांची ये-जा घटली. आवाज ६ डेसिबेल उतरला, म्हणजे ध्वनीची तीव्रता चौथाईवर आली. तेथील राइट देवमाशांच्या विष्ठेतील ताणाची संप्रेरकेही तेव्हा कमी झालेली आढळली.

पंखा एकदा ओतून बसवला, की बदलणे फार महाग. तेव्हा आवाज आधीच कसा ओळखावा?

वाट चार्ल्स पार्सन्स यांनी दाखवली. त्यांच्या ‘टर्बिनिया’ बोटीचा वेग बुडबुड्यांनीच अडवला होता. १८९५ मध्ये त्यांनी पाण्याच्या बंद नळीत इवलासा पंखा फिरवला आणि पंपाने आतला दाब उतरवला. दाब कशासाठी? छोट्या पंख्याचा वेग कमी, म्हणून त्याच्याभोवती दाबही कमीच घटतो. मग मुळातला दाबच कमी ठेवायचा. पाण्याचा दाब उणे बाष्पदाब, भागिले घनता व वेगाचा वर्ग यांच्या गुणाकाराचे निम्मे: हे गुणोत्तर प्रतिकृतीत आणि जहाजात सारखे हवे. आजही अशा बोगद्यांत जहाजामागचे मंद पाणी जाळी लावून तयार करतात, पाण्यातल्या मायक्रोफोनने आवाज टिपतात आणि त्यावरून मोठ्या पंख्याचा हिशोब मांडतात.

एक अडचण मात्र चिवट आहे. पात्याच्या टोकाशी पाण्याचा भोवरा होतो. छोट्या प्रतिकृतीत पाण्याची विष्यंदिता, म्हणजे चिकटपणा, अधिक जाणवते. भोवरा सौम्य राहतो आणि त्यातले बुडबुडे उशिरा उठतात. खऱ्या जहाजाचा पंखा त्याआधीच गरजू लागलेला असतो! म्हणून बोगद्यातील आकड्यांना पूर्वीच्या जहाजांवरील मोजमापांची दुरुस्ती जोडावी लागते.