किल्ली यंत्राच्या हाती देताना...

गणेशोत्सवासाठी आठवडाभर गावी जाताना घराची किल्ली शेजाऱ्यांकडे ठेवण्याची पद्धत चाळींतून सोसायट्यांत आली आणि तिथेही टिकली. तुळशीला पाणी घालावे, एखादा नळ चुकून उघडा राहिला नाही ना हे पाहावे, एवढ्यासाठीच ती किल्ली दिलेली असते. किल्लीला मात्र हे ठाऊक नसते. ती फक्त कुलूप उघडते. आत शिरणारा तुळशीकडे जातो की कपाटाकडे, यावर तिचा अंकुश नसतो. म्हणून किल्ली देताना आपण नकळत चार प्रश्नांचा विचार करतो. ती कोणाला द्यायची, कोणत्या दाराची द्यायची, किती दिवसांसाठी द्यायची आणि परत केव्हा घ्यायची?

सॉफ्टवेअर घडविणाऱ्या प्रत्येक कंपनीपुढे आज हेच चार प्रश्न उभे आहेत. फरक इतकाच, की तेथे किल्ली माणसाच्या नव्हे, तर यंत्राच्या हाती द्यावी लागते. त्या यंत्राला म्हणतात ‘एजंट’ आणि त्या किल्लीला म्हणतात ‘टोकन’. विषय वरवर पाहता तांत्रिक वाटेल. परंतु आपली बँक, विमा कंपनी किंवा तिकीट काढून देणारे संकेतस्थळ ज्या सॉफ्टवेअरवर चालते, ते घडविताना अशी टोकने वापरली जातात. त्यातले एक जरी चुकीच्या हाती पडले, तरी त्याची झळ आपल्यापर्यंत पोहोचू शकते.

एजंट करतो काय?

पूर्वी प्रोग्रामरने लिहिलेला कोड तपासणे, त्याचे चालू शकेल अशा प्रोग्राममध्ये रूपांतर करणे आणि तो सर्व्हरवर बसविणे ही कामे माणसे हाताने करीत. आता ती आपोआप होतात. गिटहब, गिटलॅब, अझूर डेव्हऑप्स यांसारख्या सेवांवर कोड ठेवलेला असतो. त्यात बदल झाला की ही सेवा काम काढते आणि एखादा एजंट ते काम उचलतो. एजंट म्हणजे एखाद्या संगणकावर सतत जागा असलेला छोटासा प्रोग्राम. असे संगणक सेवा पुरविणारी कंपनीही देते. परंतु अनेक संस्था एजंट स्वतःच्या संगणकावर चालविणे पसंत करतात. कोणाचा डेटाबेस कंपनीच्या अंतर्गत जाळ्यातच असतो, कोणाला विशिष्ट यंत्रसामग्री हवी असते, तर कोणाला खर्च वाचवायचा असतो.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. बाहेरची सेवा आपल्या संगणकात शिरून काम करून घेते, असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात उलट घडते. आपला एजंटच बाहेर संपर्क साधतो आणि ‘माझ्यासाठी काही काम आहे का?’ असे पुन:पुन्हा विचारत राहतो. त्यामुळे कंपनीच्या फायरवॉलमध्ये बाहेरून आत येणारे नवे दार उघडावे लागत नाही. प्रश्न उरतो तो ओळखीचा. काम मागणारा हा संगणक खरोखरच आपला आहे, हे त्या सेवेने कसे ओळखायचे? माणूस पासवर्ड टाकतो, मोबाइलवर आलेला ओटीपी टाकतो. मध्यरात्री एकटा काम करणाऱ्या यंत्राला यातले काहीच जमत नाही.

ओळखपत्र आणि तिकीट

ओळख पटणे आणि अधिकार असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रेल्वेच्या डब्यात तिकीट तपासनीस आपले ओळखपत्र पाहतो आणि तिकीटही पाहतो. ओळखपत्र आपण कोण ते सांगते. आपल्याला कोठवर आणि कोणत्या वर्गातून जाता येईल, हे तिकीट सांगते. यंत्रांच्या बाबतीतही ही दोन्ही कामे कुशलतेने वेगळी ठेवावी लागतात.

ही कल्पना नवी नाही. रॉजर नीडहॅम आणि मायकेल श्रोडर या संशोधकांनी १९७८ साली संगणकांच्या जाळ्यावर परस्परांची ओळख पटविण्याची एक पद्धत मांडली. पुढे अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत ‘अथीना’ प्रकल्पात तिच्या आधारे ‘कर्बेरॉस’ ही प्रणाली तयार झाली. तीत वापरकर्त्याला ठरावीक मुदतीचे ‘तिकीट’च मिळत असे आणि दर वेळी पासवर्ड देण्याची गरज राहत नसे. आजच्या टोकनाचे मूळ याच विचारात आहे.

इंटरनेटवर सर्वाधिक रूढ असलेली ‘ओऑथ २.०’ ही पद्धत ऑक्टोबर २०१२ मध्ये प्रमाणित झाली. तीत वापरल्या जाणाऱ्या टोकनांना ‘बेअरर टोकन’ म्हणतात. बेअरर चेक ज्याच्या हातात, त्याला पैसे मिळतात. बेअरर टोकनचेही तसेच आहे. ते कोणी आणले, याची चौकशी होत नाही. ही त्याची सोय आणि हाच त्याचा धोका. त्यामुळे बेअरर टोकन शक्य तितके अल्पायुषी ठेवणे, हा सुरक्षिततेचा पहिला धडा ठरतो.

जोडणी कशी होते?

अझूर डेव्हऑप्सचे उदाहरण घेऊ. एजंट प्रथमच जोडताना प्रशासक स्वतःच्या खात्यातून एक वैयक्तिक टोकन तयार करतो. ते तयार करताना त्याची मुदत आणि अधिकारांची व्याप्ती ठरवावी लागते. एजंटांचा समूह पाहणे आणि त्याचे व्यवस्थापन करणे, एवढाच अधिकार या कामाला पुरतो. मग प्रशासक एजंटच्या संगणकावर सेवेचा पत्ता, हे टोकन, समूहाचे नाव आणि एजंटचे नाव भरतो.

यानंतर पडद्यामागे जे घडते, ते समजून घेण्यासारखे आहे. एजंट स्वतःसाठी किल्ल्यांची एक जोडी तयार करतो. त्यातली सार्वजनिक किल्ली सेवेकडे जाते. खासगी किल्ली त्या संगणकाबाहेर कधीच पडत नाही. पुढे प्रत्येक वेळी एजंट आपल्या खासगी किल्लीने सही करून आपली ओळख पटवितो आणि अल्प मुदतीचे टोकन मिळवितो. काम सोपविताना सेवा त्याचा तपशील एजंटच्या सार्वजनिक किल्लीने कुलूपबंद करून पाठविते, म्हणजे तो दुसऱ्या कोणाला वाचता येत नाही. त्या कामासोबत त्याच कामापुरते एक वेगळे टोकनही दिले जाते.

याचा अर्थ असा, की प्रशासकाचे मूळ वैयक्तिक टोकन केवळ नोंदणीपुरते लागते. एजंट ते जपून ठेवीत नाही आणि त्याची मुदत संपली तरी एजंट बंद पडत नाही. पुढे कधी एजंट काढून टाकायचा झाला, तर तेव्हा नवे टोकन तयार करता येते. तरीही ‘मध्येच बंद पडायला नको’ या भीतीपोटी अनेक जण वर्षभराचे आणि सर्वाधिकार असलेले टोकन तयार करतात. काम झाल्यावर ते कोठल्या तरी फाइलमध्ये किंवा सहकाऱ्याला पाठविलेल्या मेलमध्ये पडून राहते. एका दिवसाच्या कामासाठी घराची किल्ली कायमची देऊन टाकावी, तसाच हा प्रकार होय.

इतर सेवाही याच दिशेने गेल्या आहेत. गिटहबवर एजंटच्या नोंदणीसाठी मिळणारे टोकन तासाभरात निरुपयोगी होते. गिटलॅबमध्ये पूर्वी नोंदणीसाठी एकच सामायिक टोकन असे. ते ज्याच्या हाती लागेल, त्याला हवे तितके एजंट जोडता येत. २०२२ मध्ये गिटलॅबने ही पद्धत मोडीत काढण्याचे जाहीर केले. नव्या पद्धतीत आधी एजंटची नोंद होते आणि मग त्याला त्याचे स्वतंत्र टोकन मिळते. सगळ्या बिऱ्हाडांना एकच किल्ली देण्याऐवजी प्रत्येकाला वेगळी द्यावी, असा हा बदल आहे. एक हरवली, तर तेवढेच कुलूप बदलावे लागते.

हलगर्जीपणाची किंमत

हे सारे काटेकोर नियम उगाच आलेले नाहीत. टोयोटा कंपनीच्या ‘टी-कनेक्ट’ सेवेच्या कोडचा काही भाग एका कंत्राटदाराने डिसेंबर २०१७ मध्ये गिटहबवर सर्वांना दिसेल असा ठेवला. त्या कोडमध्येच ग्राहकांच्या माहितीच्या सर्व्हरची किल्ली लिहिलेली होती. ही गोष्ट सप्टेंबर २०२२ मध्ये, म्हणजे जवळजवळ पाच वर्षांनी, लक्षात आली. तोवर २,९६,०१९ ग्राहकांचे ई-मेल पत्ते आणि ग्राहक क्रमांक उघड होण्याचा धोका निर्माण झाला होता.

सर्कलसीआय ही कंपनी तर अशीच स्वयंचलित कामे करून देणारी. १६ डिसेंबर २०२२ रोजी तिच्या एका अभियंत्याच्या लॅपटॉपमध्ये शिरलेल्या घातक प्रोग्रामने त्याचे लॉग-इन झालेले सत्रच चोरले. दुहेरी पडताळणी आधीच पूर्ण झालेली असल्याने चोराला ती पुन्हा करावी लागली नाही. अखेर ४ जानेवारी २०२३ रोजी कंपनीला आपल्या सर्व ग्राहकांना तेथे साठविलेली सारी टोकने आणि किल्ल्या बदलण्याची विनंती करावी लागली.

सर्वांत बोलके उदाहरण क्लाउडफ्लेअरचे आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये ओक्टा या ओळख-पडताळणी सेवेवर हल्ला झाला. त्यानंतर क्लाउडफ्लेअरने आपल्या किल्ल्या बदलल्या, परंतु एक टोकन आणि तीन सेवा-खात्यांची माहिती ‘वापरात नाही’ अशा समजुतीने तशीच राहिली. नोव्हेंबरमध्ये त्यांचाच उपयोग करून घुसखोर कंपनीच्या अंतर्गत सर्व्हरमध्ये शिरले. ग्राहकांच्या माहितीला धक्का लागला नाही. पण खबरदारी म्हणून कंपनीने पाच हजारांहून अधिक किल्ल्या बदलल्या. हजारो किल्ल्यांचा हिशेब ठेवणाऱ्या, सुरक्षा हाच व्यवसाय असलेल्या कंपनीला केवळ चार विसरलेल्या किल्ल्या महागात पडल्या.

काळजी कोणती घ्यावी?

या अनुभवांतून काही पथ्ये ठरून गेली आहेत. टोकनला कामापुरताच अधिकार द्यावा. मुदत शक्य तितकी कमी ठेवावी. टोकन कोडमध्ये कधीही लिहू नये. त्यासाठी असलेल्या सुरक्षित तिजोरी-प्रणालीत ठेवावे. कमांड देताना टोकन त्याच ओळीत टाइप केले, तर ते संगणकाच्या आज्ञांच्या इतिहासात शिल्लक राहते, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. एजंट संगणकाच्या मुख्य प्रशासक खात्यावर न चालविता मर्यादित अधिकारांच्या स्वतंत्र खात्यावर चालवावा.

सर्वांसाठी खुल्या असलेल्या कोडला स्वतःचा एजंट जोडू नये, असा गिटहबचाच सल्ला आहे. कारण अशा ठिकाणी कोणीही अनोळखी व्यक्ती बदल सुचवू शकते आणि त्या निमित्ताने तिचा कोड आपल्या संगणकावर चालण्याची शक्यता असते. शक्य असेल तेथे एक काम करून स्वतःहून नोंदणी रद्द करणारा अल्पजीवी एजंट वापरावा, म्हणजे आधीच्या कामाचे अवशेष पुढच्याच्या हाती लागत नाहीत.

आणखी एक गोष्ट माणसांशी निगडित आहे. वैयक्तिक टोकन हे ते काढणाऱ्या व्यक्तीच्या नावाशी बांधलेले असते. ती व्यक्ती नोकरी सोडून गेली आणि खाते बंद झाले, की त्या टोकनवर अवलंबून असलेली कामे अचानक थांबतात. खाते बंद करायचे राहून गेले, तर परिस्थिती अधिक वाईट. गेलेल्या माणसाच्या नावाने दारे उघडतच राहतात. यासाठी दीर्घकाळच्या कामांना व्यक्तीऐवजी सेवेच्या नावाचे खाते असावे आणि कोणते टोकन कोणी, कशासाठी काढले, याची नोंदवही ठेवावी. २०२१ पासून गिटहबने जपून ठेवण्याची किल्लीच नको, अशीही सोय दिली आहे. तीत प्रत्येक कामाच्या वेळी क्लाउड सेवा त्या कामाची ओळख पडताळते आणि काही काळापुरतीच परवानगी देते. जी किल्ली साठविलेलीच नाही, ती चोरीला जाण्याचा प्रश्न येत नाही.

नवे एजंट, जुनाच प्रश्न

आजवर हा विषय अभियंत्यांपुरता मर्यादित होता. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या एजंटांमुळे तो आता घरात येऊन पोहोचला आहे. आपली मेल वाचणारे, कॅलेंडर सांभाळणारे, फाइली शोधून देणारे असे एजंट हौशी मंडळी घरच्या संगणकावरही चालवू लागली आहेत. त्यांनाही टोकनच द्यावे लागते. यात एक नवा धोका आहे. जुना एजंट ठरवून दिलेलेच काम करी. नवा एजंट वाचलेल्या मजकुरावरून पुढचे पाऊल ठरवितो. एखाद्या मेलमध्ये कोणी लबाडीने लपविलेली सूचना त्याने आज्ञा समजून पाळली, तर टोकन चोरीला न जाताही त्याचा गैरवापर होऊ शकतो. येथे ओळख पटविणारी कोणतीही पद्धत पुरी पडत नाही, कारण दार उघडणारा आपलाच असतो. उपयोगी पडते ती फक्त अधिकारांची मर्यादा. मेल वाचण्यासाठी नेमलेल्या एजंटला मेल पाठविण्याचा किंवा पुसण्याचा अधिकार असण्याचे कारण नाही.

आपल्यापैकी प्रत्येकाने एक साधी गोष्ट आजच करून पाहावी. आपल्या मेल खात्याच्या सुरक्षा विभागात जाऊन कोणकोणत्या अॅप्सना आणि सेवांना आपण प्रवेश दिला आहे, ती यादी उघडावी. कधीकाळी एखाद्या खेळासाठी किंवा फोटो सजविण्यासाठी दिलेली परवानगी तेथे अजूनही जिवंत आढळण्याची शक्यता आहे. ती रद्द करायला एक क्षण पुरतो. गावाहून परतल्यावर प्रसाद घेऊन शेजाऱ्यांकडे जाताना आपण किल्ली आठवणीने परत घेतो. यंत्राच्या बाबतीत ही आठवण आपल्यालाच ठेवावी लागेल. किल्ली परत करायला यंत्र स्वतःहून कधी येणार नाही.