हलाल आणि हाल

आटपाडीचा शनिवारचा बाजार सकाळी लवकरच भरू लागतो. माण, खटाव, जत, सांगोला या कोरडवाहू पट्ट्यातून शेळ्या-मेंढ्या येतात. काळी दख्खनी मेंढरे, उस्मानाबादी शेळ्या आणि जत तालुक्यातील माडग्याळ गावाचे नाव मिळालेली उंच, पांढऱ्या अंगावर तांबूस ठिपक्यांची, पोपटासारख्या बाकदार नाकाची माडग्याळी मेंढी. घेणारा दात पाहून वय ओळखतो, कमरेवर हात दाबून मांसाचा अंदाज घेतो. सौदा ठरला की जनावरे पिकअपमध्ये चढवली जातात आणि उन्हे चढेपर्यंत गाड्या सांगली, कोल्हापूर, पुण्याच्या रस्त्याला लागतात.

रमजानमध्ये या बाजारातले काही व्यापारी, काही चालक रोजाला असतात. सहरीनंतर पाण्याचा थेंब नाही. दुपारी तीनच्या सुमारास जीभ टाळूला चिकटते, तेव्हा तहान म्हणजे काय हे कोणी सांगावे लागत नाही. पण त्याच वेळी मागच्या हौद्यात दाटीने उभी असलेली जनावरेही पहाटेपासून पाण्याविना असतात. चालकाचा रोजा मगरिबच्या अजानला सुटतो. त्यांची तहान कधी सुटणार, हे कोणी ठरवलेले नसते.

जनावरांविषयीच्या इस्लामी शिकवणुकीत तहानेला मोठी जागा आहे. तहानेने व्याकूळ झालेल्या कुत्र्याला पायातल्या मोज्याने विहिरीतून पाणी काढून पाजले, म्हणून एका बदनाम स्त्रीला क्षमा मिळाली. मांजरीला कोंडून उपाशी मारले, म्हणून दुसरीला शिक्षा झाली. या दोन्ही कथा बुखारी आणि मुस्लिम या हदीस संग्रहांत आहेत. अबू दाऊद यांच्या संग्रहात एका उंटाची हकिगत येते. हजरत पैगंबर मुहम्मद (स.) मदिनेतील एका बागेत गेले, तेव्हा तो उंट त्यांना पाहून कण्हू लागला, त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. त्यांनी त्याला कुरवाळले आणि मालकाला बोलावून समज दिली : तू याला उपाशी ठेवतोस आणि राब राब राबवतोस, अशी याची तक्रार आहे.

कुरबानी किंवा मांसासाठी जनावर कापायचे, तर त्यालाही नियम आहेत. सुरी धारदार हवी. ती जनावरासमोर परजायची नाही. एका जनावरासमोर दुसरे कापायचे नाही. फरफटत न्यायचे नाही. बोलीभाषेत ‘हलाल करणे’ हा शब्द ‘हालहाल करून, सावकाश मारणे’ अशा अर्थाने सर्रास वापरला जातो. मूळ अरबी शब्दाचा अर्थ फक्त ‘धर्माने परवानगी दिलेले’ एवढाच. हाल होणार नाहीत याची काळजी घेणे, हा तर त्या परवानगीचाच भाग आहे.

सातारा-सांगलीच्या खेड्यांना हे नवे नाही. इथे मुलाणी नावाचा गावकामगार पिढ्यान्‌पिढ्या होता. सातारा संस्थानात इंग्रजांचा रेसिडेंट राहिलेल्या ग्रँट डफने 1826 मध्ये मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध केला, त्यात त्याने गावगाड्याच्या बलुतेदारांत ‘मुलाणा’ मोजला आहे. मशिदीची देखभाल हे त्याचे काम. पण त्याखेरीज शेतात किंवा देवळापुढे बकरे कापायचे असेल, तर तेही मुलाण्याकडेच. त्याने निय्यत म्हटल्याशिवाय मराठे ते मटण खात नसत, असेही डफने नोंदवले आहे.

हिंदूंच्या देवाचा नवस, धनगराने वाढवलेले बकरे आणि त्यावर मुसलमान मुलाण्याची निय्यत, असा हा तिघांचा व्यवहार होता. मुलाण्याला त्याबद्दल धान्याचे बलुते आणि मटणाचा वाटा मिळे. आजही या दोन जिल्ह्यांत मुलाणी आडनावाची घरे गावोगाव आहेत आणि यात्रेच्या दुसऱ्या दिवशी अनेक गावांत त्यांना बोलावणे जाते. आधी बकऱ्याला पाणी दाखवायचे, मग हात लावायचा, ही रीत जुन्या माणसांना ठाऊक आहे. सबंध गावासमोर काम करणाऱ्या माणसाला बोथट सुरी परवडत नसे. चूक झाली तर ती साऱ्यांना दिसे.

गावाची नजर हाच तिथला कायदा होता. आता ती नजर उरलेली नाही. बकरे वाढते माणदेशात, विकले जाते आटपाडीला किंवा लोणंदला, कापले जाते शेकडो किलोमीटरवर आणि खाणाऱ्याला दिसतो तो दुकानातला आकडा आणि काटा. कापण्याचा क्षण धर्माने नीट बांधून दिला आहे. त्याआधीचे दोन-तीन दिवस मात्र कोणाच्याच हिशेबात नाहीत.

तसे देशाच्या कायद्यात ते आहेत. प्राण्यांच्या वाहतुकीचे नियम 1978 मध्ये झाले. साडेचार-पाच टनी मालगाडीत 40 पेक्षा जास्त शेळ्या-मेंढ्या भरू नयेत, प्रवासाला पुरेल एवढा चारा-पाणी असावे, निघण्यापूर्वी पशुवैद्यकाचा दाखला घ्यावा, असे ते सांगतात. रमजानमध्ये जकातीचा हिशेब मांडणाऱ्यांना 40 हा आकडा ओळखीचा वाटेल. चरणाऱ्या शेळ्या-मेंढ्यांची संख्या 40 झाली की एक जनावर जकातीत द्यावे लागते. 2001 च्या कत्तलखाना नियमांत तर एका जनावराच्या नजरेसमोर दुसरे कापू नये, असेच लिहिले आहे. शरीयत आणि सरकारी नियम इथे शब्दाला शब्द जुळतात.

अडचण अंमलबजावणीची आहे. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड आहे 10 ते 50 रुपये. दुसरी अडचण नाजूक आहे. जनावरांच्या वाहतुकीचा विषय निघाला की तो चटकन धर्मावर जातो. गाडी अडवली जाते ती जनावराच्या तहानेसाठी की चालकाच्या नावासाठी, अशी शंका मुस्लिम व्यापाऱ्याच्या मनात असते आणि ती अगदीच निराधार नाही. मग समाज बचावाच्या पवित्र्यात जातो आणि घरातला प्रश्न घरातही विचारला जात नाही. वास्तविक या साखळीत पाळणारा, विकणारा, दलाल, चालक, खाटीक आणि गिऱ्हाईक सर्व धर्मांचे असतात. कोंबून भरलेल्या गाडीतला फायदा जसा सगळ्यांत वाटला जातो, तशी जबाबदारीही वाटली गेली पाहिजे.

मुस्लिमबहुल देशांनाही हा प्रश्न टाळता आलेला नाही. 2011 मध्ये इंडोनेशियातील काही कत्तलखान्यांत ऑस्ट्रेलियन गुरांना मिळणारी वागणूक दूरचित्रवाणीवर दिसली आणि ऑस्ट्रेलियाने तिथली जिवंत गुरांची निर्यात महिनाभर थांबवली. इजिप्तच्या बाबतीत 2006 मध्ये असेच घडले होते. जिथे बहुसंख्य लोकांना हदीस ठाऊक, तिथेच हे घडले. शिकवण नसल्याने नव्हे, तर शिकवण कसायाच्या सुरीपुरती उरली आणि गोठा, गाडी, दोरखंड तिच्या बाहेर राहिले म्हणून.

पुढे काही देशांनी पावले उचलली. मलेशियाने 2015 मध्ये प्राणी कल्याणाचा स्वतंत्र कायदा केला. तुर्कस्तानने 2021 मध्ये कायदा बदलून प्राण्यांना ‘वस्तू’ऐवजी ‘जीव’ मानले. कापण्यापूर्वी जनावराला विजेच्या झटक्याने बेशुद्ध करावे का, यावर उलेमांत मतभेद आहेत. जनावर त्या झटक्याने मरत नसेल तर काही अटींवर ते चालेल, असे मलेशिया आणि इंडोनेशियातील धार्मिक संस्थांनी ठरवले, तर इतर अनेकांना ते मान्य नाही. पण जनावराला पाणी, सावली आणि उभे राहायला जागा द्यावी, यावर कोणाचाच मतभेद नाही. ब्रिटनमधील वोकिंगच्या शाहजहान मशिदीचे इमाम राहिलेले अल-हाफिज बी. ए. मसरी यांनी 1989 मध्ये इस्लाम आणि प्राणी या विषयावर पुस्तक लिहिले, तेव्हा त्यांचाही रोख इथेच होता. जिवंतपणी ज्याचे हाल झाले, त्याच्या शेवटच्या क्षणी बिस्मिल्लाह म्हटल्याने मागचे पुसले जाते का, हा त्यांचा सवाल होता.

हा सवाल कोंबडीच्या बाबतीत सर्वांत टोकदार होतो. इफ्तारनंतरच्या जेवणात आज मटणापेक्षा चिकनच जास्त शिजते, कारण ते परवडते. अंडी देणाऱ्या कोंबड्या ज्या तारेच्या पिंजऱ्यात ठेवतात, तिथे एकीच्या वाट्याला वहीच्या पानाएवढी जागा येते. पंख पसरता येत नाहीत. केंद्रीय विधी आयोगाने जुलै 2017 मध्ये आपल्या 269 व्या अहवालात या कोंबड्यांच्या निवाऱ्याचे व वाहतुकीचे नियम सुचवले होते. विटा परिसरातील कुक्कुटपालकाला मात्र खाद्याचा दर, अंड्याचा दर आणि कर्जाचा हप्ता यांतून वाट काढायची असते. पिंजरा मोठा करा म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाने अंड्याला चार पैसे जादा मोजले नाहीत, तर तो उपदेश शेतकऱ्याच्याच माथी बसतो.

कुरआनमध्ये खाण्याविषयी ‘हलाल’च्या जोडीला ‘तय्यब’ हा शब्द येतो. तय्यब म्हणजे शुद्ध, चांगले. दुकानाच्या पाटीवर हलाल लिहिलेले असते, तय्यबची चौकशी गिऱ्हाइकाने करायची असते. यात खाणाऱ्याचाही स्वार्थ आहे. दमलेल्या, घाबरलेल्या जनावराच्या स्नायूंतली साखर संपते आणि मटण काळपट, चिवट होते, हे पशुवैद्यकशास्त्र सांगते. विसावा दिलेल्या बकऱ्याचे मटण वेगळे लागते, हे मुलाण्याला त्या शास्त्राआधीपासून माहीत होते.

करण्यासारखे फार अवघडही नाही. बाजार समितीने जनावरांच्या बाजारात सावलीचे छप्पर आणि पाण्याच्या कुंड्या भरलेल्या ठेवाव्यात. मशिदीच्या जमातीने जुम्म्याच्या बयानात सुरीबरोबर गाडीविषयीही बोलावे. कोंबड्या पायाला धरून, उलट्या टांगून आणणाऱ्या दुकानदाराला चार नेहमीच्या गिऱ्हाइकांनी टोकले, तरी तो क्रेट आणतो. बकरी ईद रमजाननंतर सव्वादोन महिन्यांनी येते. कुरबानीचे बकरे आदल्या रात्री घाईने आणण्यापेक्षा काही दिवस आधी आणून दारात बांधणारी कुटुंबे आजही आहेत. घरातली मुले त्याला पाला घालतात, पाणी पाजतात आणि आपण काय देतो आहोत हे त्यांना कळते.

यात्रेतला मुलाणी एकाच बकऱ्यासाठी तांब्याभर पाणी मागून घेई. आज एका गाडीत 40 किंवा त्याहून जास्त जनावरे असतात आणि तांब्या धरणारे कोणी नसते. मगरिबची अजान होताच खजूर तोंडात टाकून पाण्याचा पहिला घोट घेणाऱ्या चालकाने त्याआधी गाडी एखाद्या हौदापाशी उभी केली, तर त्याच्या रोजाच्या सवाबात भरच पडेल.