उजेडाचं घर (भाग ९) : वायर सुटलेला दिवा

वीज येण्याआधी घरात दिव्याला ठरलेली जागा नव्हती. स्वयंपाकघरातला कंदील जेवणं आटोपली की माजघरात यायचा, रात्री कुणाला परसात जायचं असलं की तोच हातात. कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील ज्या घरांत होता, त्यांना हे सांगायला नकोच. मग वायरमन आला, लाकडी पट्टीवरून वायर ओढली, होल्डर बसवला आणि दिवा तिथेच राहिला. तेव्हापासून उजेड जिथे असेल तिथे जाऊन माणूस बसतो. गेल्या भागात पाहिलेले फॉल्स सीलिंगमधले दिवे म्हणजे या व्यवस्थेचं टोक. आज उलट्या वाटेने निघालेले दिवे पाहू : टेबलावरून उचलून गच्चीत नेता येणारे, कुंडीत खुपसता येणारे, बिनवायरीचे.

या दिव्यांना प्रतिष्ठा मिळाली ती मुख्यतः रेस्टॉरंटांमुळे. मधल्या टेबलापर्यंत वायर नेणं अवघड, आणि मेणबत्ती म्हणजे आगीची काळजी. लंडनच्या डिझाइन म्युझियममधल्या रेस्टॉरंटसाठी एडवर्ड बार्बर आणि जे ऑस्गर्बी या जोडीने एक छोटा दिवा आखला. पुढे इटलीच्या फ्लॉस कंपनीने तो ‘बेलहॉप’ नावाने बाजारात आणला. वीतभर उंची, जाड बुंधा, वर घुमटासारखी टोपी. गंमत टोपीत आहे. एलईडी तिच्या आत दडलेला असतो, उजेड खाली टेबलावर सांडतो आणि समोर बसलेल्याच्या डोळ्यांवर येत नाही. त्याआधी, २०१४ साली, स्पेनच्या मार्सेट कंपनीसाठी इन्मा बेर्मुदेस यांनी ‘फॉलोमी’ केला होता. त्याला लाकडी कडी आहे आणि शेड हवी तशी कलते. मला हा जास्त आवडतो. कडी दिसली की हात आपोआप पुढे होतो. दिवा उचलायचा आहे हे वेगळं सांगावं लागत नाही.

हे आत्ताच का जमलं? हिशेब साधा आहे. अशा दिव्यात असतो तसा एक लिथियम-आयन सेल घ्या : ३.६ व्होल्ट, २.६ अँपिअर-तास. गुणाकार केला की साधारण साडेनऊ वॅट-तास ऊर्जा. जुना ६० वॅटचा बल्ब ही शिदोरी साडेनऊ मिनिटांत संपवेल. एक वॅटचा एलईडी तेवढ्यावर नऊ तास चालतो आणि शंभरेक ल्युमेन देतो, म्हणजे चार माणसांच्या जेवणाच्या टेबलाला पुरेसं. एलईडी आणि हा सेल, दोहोंमागच्या शोधांना नोबेल मिळालं आहे : निळ्या एलईडीला २०१४ साली भौतिकशास्त्राचं (पांढरा एलईडी म्हणजे बहुधा निळ्यावर पिवळ्या फॉस्फरचा लेप) आणि लिथियम-आयन बॅटरीला २०१९ साली रसायनशास्त्राचं.

पण शंभर ल्युमेन म्हटलं की आपल्याकडे नाक मुरडलं जातं. ‘एवढ्याने काय होणार?’ घरात, भिंतीवरची ट्यूब चालू असताना, खरंच काही होत नाही. बाहेर गणित बदलतं. पौर्णिमेचं चांदणं माथ्यावर असलं तरी पाव लक्सच्या आसपास भरतं. कचेरीतल्या टेबलावर पाचशे लक्स धरतात. दोन हजार पटींचा फरक, तरी चांदण्यात पायवाट दिसते. डोळा अंधाराला सरावतो म्हणून. पूर्ण सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, आणि फाटकावरचा ५० वॅटचा फ्लडलाइट एकदा डोळ्यांत शिरला की सगळी कमाई वाया. असे फ्लडलाइट ‘सुरक्षेसाठी’ लावतात. प्रत्यक्षात झगझगाटापलीकडचं काहीच दिसत नाही, आणि खांबामागे पडलेल्या काळ्याकुट्ट सावलीत कुणी उभं असलं तरी कळत नाही. म्हणून उचलता येणाऱ्या दिव्याचा माझ्या मते मोठा गुण असा की त्याच्यामुळे बाकीचे दिवे बंद करता येतात. माणूस जिथे बसलाय तिथे उजेड, उरलेल्या अंगणाला अंधार.

अंधाराची गरज आपल्याखेरीज इतरांनाही आहे. जूनच्या तोंडावर पुरुषवाडी-भंडारदऱ्याकडे काजवे बघायला जाणारे स्वतःच टॉर्च मारत हिंडतात, आणि काजव्यांचे एकमेकांना दिलेले इशारे त्या झोतात बुडून जातात. पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या महाराष्ट्रातल्या भागाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली, त्यासाठी आसपासच्या गावांतले दिवे बदलावे लागले : तोंड खाली, उजेड उबदार. हाच नियम बाल्कनीला लावा. २७०० केल्विन किंवा त्याहून कमी घ्या. निळसर पांढऱ्या दिव्यावर किडे जास्त येतात. पहिल्या पावसानंतर ट्यूबभोवती पंखवाल्या वाळवीचं जे थैमान चालतं, त्या घिरट्यांचं एक कारण अलीकडे वेगवान कॅमेऱ्यांनी दाखवून दिलं. उडणारा कीटक पाठ उजेडाकडे ठेवतो, कारण निसर्गात उजेडाची बाजू म्हणजे आभाळ. दिवा शेजारी आला की वर-खालीचा घोटाळा होतो आणि तो गोल गोल फिरत राहतो.

बाल्कनीला सरकती काच असेल, तर आणखी एक जुनी युक्ती आहे. अमेरिकेत न्यू कॅनन इथे फिलिप जॉन्सन यांनी १९४९ साली चारही भिंती काचेच्या असलेलं घर बांधलं. दिवसा बाहेरची झाडं दिसायची. रात्री आत दिवा लावला की प्रत्येक काचेचा आरसा, आणि त्यात आपलंच प्रतिबिंब. प्रकाशयोजनाकार रिचर्ड केली यांनी उपाय काढला तो बाहेरची झाडं उजळण्याचा आणि आतला उजेड मंद करण्याचा. बाहेरचं आतल्यापेक्षा उजळ झालं की काच पुन्हा पारदर्शक. फ्लॅटमध्ये हे करायला कुंडीतल्या मोठ्या पानांच्या झाडामागे एक छोटा दिवा पुरतो. खोली लगेच चार फुटांनी वाढल्यासारखी वाटते.

आता पाऊस. खोक्यावर ‘आयपी’ आणि दोन आकडे असतात : पहिला धुळीचा, दुसरा पाण्याचा. ४४ म्हणजे शिंतोडे सोसतो, छज्ज्याखाली ठीक. ६५ म्हणजे धूळबंद आणि पाण्याची धार सोसणारा. कोकणात, जिथे पाऊस आडवा येतो, तिथे हाच घ्यावा. ६७ म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास तग धरणारा. पण ६७ म्हणजे ६५ च्या वरची पायरी, हा समज चुकीचा. बुडवून घेतलेली परीक्षा आणि धार मारून घेतलेली परीक्षा वेगळी. दोन्ही पार केलेल्या दिव्यावर दोन्ही आकडे छापतात. शिवाय हा आकडा गंजाबद्दल काहीच बोलत नाही. मालवणात किंवा पणजीत खारा वारा आधी स्क्रू खातो, मग सांधा उघडतो, मग पाणी. तिथे पितळ चांगलं; काळवंडतं, पण टिकतं. चार्जिंगच्या भोकावरचं रबरी झाकण सर्वांत कच्ची जागा, ते नीट दाबलंय ना हे रोज बघायचं.

शेवटी तो स्वस्तातला सौर दिवा, मातीत खुपसायचा. दोन-तीन पावसाळ्यांत फेकला जातो म्हणून त्याला फार शिव्या बसतात, पण एक उघडून पाहण्यासारखा आहे. खाली एक रिचार्जेबल पेन्सिल सेल, १.२ व्होल्टचा. पांढऱ्या एलईडीला हवेत तीनेक व्होल्ट. मधली तफावत भरून काढायला एक चार पायांची चिप आणि रेझिस्टरसारखी दिसणारी, शेंगदाण्याहून लहान कॉइल. दोघं मिळून व्होल्टेज चढवतात. अंधार ओळखायला बहुतेकांत वेगळा सेन्सर नसतोच. पॅनेलमधून येणारा दाब उतरला की चिप समजते संध्याकाळ झाली. त्यामुळे वर सोसायटीच्या दिव्याचा उजेड पडत असेल तर तो लागतच नाही, आणि आपण म्हणतो बिघडला. तो फक्त दोन हात बाजूला सरकवायचा. खरोखरच मंदावला असेल तर बहुधा सेल दमलेला असतो. तसाच निकेल-मेटल हायड्राइडचा नवा टाकायचा; रिमोटमधला साधा सेल टाकलात तर चार्ज होताना तो गळतो आणि मग चिपही जाते. ढगाळ जुलैत चार्जिंग अर्धवटच होणार, तेव्हा पावसाळाभर सेल काढून कोरड्या डब्यात ठेवलेला बरा.

(पुढील भागात : जिना आणि पायऱ्यांवरचा उजेड)